छातीतली जळजळ आणि आमची जमाखर्चाची वही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अन्ननलिकेवर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्र हसतील याची मला कल्पना आहे. माझा विषय जमाखर्च. शरीरशास्त्र मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलो, तेवढेच. परंतु गेल्या दिवाळीत एका दुखण्याने आमच्या घरात असा काही गोंधळ उडवला की, त्याची माहिती करून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. डॉक्टरांना प्रश्न विचारले, पुस्तके आणून वाचली, कळले नाही तेथे पुन्हा जाऊन विचारले. त्यातून जे समजले ते येथे साध्या भाषेत मांडत आहे. हे दुखणे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल, आणि आमच्याप्रमाणेच तेथेही ते कोणाला दिसत नसेल.

माझे वडील बाजारातील एका घाऊक दुकानात दिवाणजी आहेत. दिवसभर गादीवर बसून, पोटात वाकून वह्या लिहायच्या, रात्री साडेदहाला घरी येऊन जेवायचे आणि अकराला आडवे व्हायचे, असा त्यांचा वीस-बावीस वर्षांचा क्रम. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी कडू-आंबट येणे या गोष्टी आमच्या घरात इतक्या जुन्या की त्यांना आजार म्हणावे असे कोणाला वाटलेच नाही. "बाबांना पित्ताचा त्रास आहे," एवढे म्हटले की विषय संपत असे. उशाशी पाण्याचा तांब्या आणि खाण्याच्या सोड्याची पुडी कायम असायची.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुकानातील वहीपूजन आटोपून बाबा अकरानंतर जेवले. पहाटे दोनच्या सुमारास आईने मला उठवले. बाबा पलंगावर उठून बसले होते, हात छातीच्या मधोमध दाबून धरलेला, कपाळावर घाम. आम्हाला वाटले, हृदयविकार. शेजारच्या काकांनी रिक्षा काढली आणि आम्ही इस्पितळात पोहोचलो. हृदयाचा आलेख निघाला, रक्त तपासले, काही तासांनी दोन्ही पुन्हा केले. उजाडता उजाडता डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे. मग त्यांनी बाबांना एकच प्रश्न विचारला, "जेवताना घास अडकतो का?"

बाबा गप्प राहिले. उत्तर आईने दिले. "वर्ष झालं, भाकरी आमटीत कुस्करून खातात. मी विचारलं तर म्हणाले, दात दुखतात."

त्या उत्तराने डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. त्याचे कारण समजण्यासाठी आधी अन्ननलिकेची रचना पाहावी लागेल.

दार सैल होते म्हणजे काय?

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. गिळलेला घास तिच्या भिंती आकुंचन पावून खाली ढकलतात. म्हणूनच माणूस आडवा असतानाही गिळू शकतो. नळीच्या खालच्या टोकाशी, जठराच्या तोंडावर, तीन-चार सेंटिमीटरचा गोल स्नायू असतो. घास आला की तो सैल होतो आणि घास गेला की मिटतो. छाती व पोट यांच्यामधील पडदा, म्हणजे श्वासपटल, त्याच जागी नळीला बाहेरून विळखा घालून आधार देते. हे दोघे मिळून दाराचे काम करतात.

जठरातील पेशी दिवसाकाठी सुमारे दीड ते दोन लिटर रस तयार करतात. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केले. हे आम्ल लिंबाच्या रसाइतके, कधी त्याहूनही तीव्र असते. अन्न पचवायला आणि अन्नातून आलेले जंतू मारायला ते आवश्यकच आहे. जठराच्या आतून बुळबुळीत, अल्कधर्मी लेप असल्यामुळे त्याला या आम्लाची बाधा होत नाही. अन्ननलिकेला तसा लेप नाही. म्हणजे आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर रक्कम बरोबर आहे, पण नोंद चुकीच्या खात्यावर पडली आहे. बहुतेक रुग्णांत आम्ल जास्त तयार होत नसते. ते जेथे जाऊ नये तेथे जात असते.

ते वर का जाते? जठर फुगले की आतील वायू बाहेर पडावा म्हणून हे दार गिळण्याशिवायही काही क्षण उघडते. ढेकर येते ती अशीच. हे सर्वांच्याच बाबतीत घडते. परंतु काहींच्या बाबतीत अशा वेळी वायूबरोबर आम्लही वर चढते. काहींचा स्नायूच दुर्बळ असतो. काहींच्या श्वासपटलातील भोक रुंद होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, म्हणजे दार आणि त्याचा आधार एकमेकांपासून दूर होतात. पोटाचा घेर वाढणे, घट्ट पट्टा, भरल्या पोटी वाकून बसणे यांमुळे खालून दाब वाढतो. गरोदरपणी अनेक स्त्रियांना हा त्रास होतो, त्याचेही कारण वाढलेला दाब आणि संप्रेरकांमुळे सैल झालेला स्नायू हेच.

आमचे डॉक्टर कन्नड बोलणारे. बाबांना दुकानातल्या व्यवहाराने कन्नड चांगले येते. डॉक्टरांनी हे सारे एका वाक्यात सांगितले, "बागिलु सडिल आगिदे." दार सैल झाले आहे. कन्नडमधला 'सडिल' आणि आपला 'सैल' शेजारीच राहतात, त्यामुळे आईलाही ते भाषांतरावाचून कळले.

रात्रीचे विशेष

दिवसा आम्ल वर आले तरी दोन गोष्टी आपले रक्षण करतात. आपण उभे किंवा बसलेले असतो, त्यामुळे ते वजनाने खाली उतरते. आणि आपण सारखी लाळ गिळत असतो. लाळ अल्कधर्मी असल्याने उरलेसुरले आम्ल तिने निष्प्रभ होते. झोपेत या दोन्ही गोष्टी बंद पडतात. आडव्या नळीतून आम्ल उतरत नाही, लाळही फारशी सुटत नाही आणि गिळणे क्वचितच होते. म्हणून रात्री वर आलेले आम्ल तेथेच बराच वेळ मुक्काम करते. जेवून लगेच आडवे होणे म्हणजे भरलेली, सैल बुचाची बाटली आडवी ठेवणे.

छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येणे ही या रोगाची दोन ठळक लक्षणे. पण ती नसतानाही तो असू शकतो. रेंगाळणारा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, झिजणारे दात, रात्री बळावणारा दमा यांच्या मागेही कधी कधी हेच कारण असते.

एक नाव, अनेक अर्थ

मराठीत आपण छातीतली जळजळ म्हणतो. कन्नडमध्ये 'एदे उरी', म्हणजे शब्दशः तेच. आंबट ढेकरेला 'हुळी तेगु'. दोन्ही भाषांनी जागा आणि चव अचूक टिपली आहे. घोटाळा होतो तो 'पित्त' या शब्दाने. शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. छाती जाळतो तो मुख्यतः जठरातील आम्लरस. आयुर्वेदात पित्त या शब्दाचा अर्थ त्याहून कितीतरी व्यापक आहे. माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद केले आहेत. वर चढणारा प्रकार प्राचीनांनी वेगळा ओळखला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपण मात्र रोजच्या बोलण्यात डोकेदुखी, मळमळ, अंगावरच्या गांधी आणि छातीतली जळजळ यांना 'पित्त' हे एकच नाव देतो. एकच नाव दिले की एकच उपाय चालतो असे वाटू लागते, आणि तो उपाय म्हणजे सोडा.

सोडा काय करतो?

खाण्याचा सोडा आम्लाशी मिळाला की मीठ, पाणी आणि कर्बवायू तयार होतो. जळजळ काही मिनिटांत थांबते, मोठी ढेकर येते, बरे वाटते. परंतु त्याच वायूने जठर फुगते आणि दार पुन्हा उघडायला कारण मिळते. शिवाय सोड्यातून सोडियम पोटात जाते. रक्तदाब असलेल्यांना ते रोज घेणे घातक आहे. अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियमची पांढरी पातळ औषधे आणि चघळायच्या गोळ्या सोड्यापेक्षा बऱ्या. तरी त्यांचाही परिणाम तास-दोन तासांचाच. थंड दुधाचेही तसेच आहे. पिताना आराम वाटतो, मग तेच पचवण्यासाठी जठर नवे आम्ल सोडते. यातील काहीही सैल दार घट्ट करीत नाही आणि आधीच भाजलेली नळी भरून काढीत नाही.

येथे आमच्या वहीचा संबंध येतो. आठवीत असल्यापासून घरखर्चाची वही मी लिहितो. बाबांनीच ती सवय लावली. इस्पितळातून परतल्यावर एका रात्री मी जुन्या वह्या काढल्या आणि सोडा व जळजळीच्या गोळ्या यांच्या नोंदींखाली पेन्सिलीने रेघा मारीत गेलो. पहिल्या वर्षी पाच नोंदी. तिसऱ्या वर्षी दर महिन्याला दोन. पाचव्या वर्षी दर आठवड्याला एक. आणि शेवटच्या सात-आठ महिन्यांत त्या अचानक कमी झालेल्या. मला आठवले, त्या वेळी आई म्हणाली होती, "आता पित्त बरंच कमी झालंय हं यांचं." आम्हाला आनंद झाला होता. घास अडकू लागला तो याच महिन्यांत.

डॉक्टरांना हे दाखवले तेव्हा त्यांनी खुलासा केला. आम्लाने वर्षानुवर्षे भाजलेल्या जागी व्रण होतात, भरतात, पुन्हा होतात. कातडी भाजल्यावर जसा कठीण, आखडलेला डाग राहतो तसा नळीच्या आत राहतो आणि नळी अरुंद होते. अशी अरुंद झालेली जागा आम्लालाही वर येऊ देत नाही. त्यामुळे कित्येकदा घास अडकू लागला की जळजळ कमी होते. आजार पुढच्या पायरीवर गेलेला असतो आणि घरच्यांना वाटते, तो बरा झाला. सात वर्षे मी प्रत्येक नोंद बिनचूक लिहिली. बेरीज रोज जुळत होती. वही कधी वाचली मात्र नाही.

तपासणी

ज्याला फक्त जळजळ आहे आणि धोक्याचे कोणतेही लक्षण नाही, त्याला डॉक्टर बहुधा आधी काही आठवडे औषध देऊन पाहतात. घास अडकत असेल तर मात्र दुर्बिणीची तपासणी लांबवत नाहीत. लवचिक दुर्बीण १९५७ साली बेसिल हिर्शोवित्झ यांनी अमेरिकेत तयार केली. तिने आज अन्ननलिका डोळ्यांनी पाहता येते. सहा-आठ तास उपाशी राहायचे, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आणि बोटाएवढ्या जाडीची नळी तोंडातून आत सोडतात. पाच-दहा मिनिटांचे काम. बाबा नंतर म्हणाले, "भीतीच जास्त होती."

दुर्बिणीत त्यांच्या नळीच्या खालच्या भागात व्रण दिसले आणि एक अरुंद कडे. डॉक्टरांनी तेथील कण तपासणीसाठी काढले. कारण घास अडकण्याचे दुसरे कारण कर्करोग असू शकते. दीर्घकाळच्या आम्लाने काही लोकांत नळीचे अस्तरच पालटते. नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदाचे नाव त्या अवस्थेला मिळाले आहे. त्यातील थोड्यांत पुढे कर्करोग होतो. आपल्या देशात अन्ननलिकेचा कर्करोग अधिक करून वेगळ्या जातीचा असतो आणि तंबाखू, विडी, दारू ही त्याची मोठी कारणे आहेत. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. बाबा दुकानात जात होते, वह्या लिहीत होते. एके रात्री त्यांनी मला विम्याचे कागद कोठे आहेत ते दाखवून ठेवले.

अहवालात कर्करोग नव्हता. पुढे त्यांची अरुंद जागा दुर्बिणीतूनच फुग्याने दोनदा रुंद करण्यात आली. आता ते भाकरी चावून खातात.

उपचार

या रोगावर प्रभावी औषधे गेल्या पन्नास वर्षांतच आली. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन १९७६ साली इंग्लंडमध्ये बाजारात आले. आम्ल निर्माण होण्याची एक सूचनाच ते अडवीत असे. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच गटातील रॅनिटिडीन आपल्याकडे घरोघरी माहीत होते. त्यात कर्करोगास कारण होऊ शकेल असा अशुद्ध घटक आढळल्यामुळे २०२० साली अमेरिकेत ते बाजारातून काढून घ्यायला लावले गेले, आणि आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून २०२२ मध्ये ते वगळले गेले. याच गटातील फॅमोटिडीन वापरात आहे.

१९८८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांचे ओमेप्राझोल आले. पँटोप्राझोल वगैरे त्याची भावंडे. जठराच्या पेशींतून आम्ल बाहेर टाकणारे जे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधे बंद पाडतात. व्रण भरून यायला ती फार उपयोगी पडतात. मात्र एक नियम आहे. पंप जेवणाच्या वेळी चालू होतात आणि चालू झालेलेच पंप औषधाच्या तावडीत सापडतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. बाबा पहिले काही दिवस ती जेवणानंतर घेत होते आणि गुण येत नाही म्हणून कुरकुरत होते. वेळ बदलली आणि फरक पडला.

साधारणपणे चार ते आठ आठवडे गोळी देतात. बाबांसारखी नळी अरुंद झाली असेल तर दीर्घकाळ घ्यावी लागते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. मनाने वर्षानुवर्षे घेत राहिल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, आणि गोळी एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळून जास्त सुटते. मग माणसाला वाटते, आपल्याला गोळीवाचून जगता येणार नाही. कोणाचा प्रवास औषधाने थांबतच नसेल तर शस्त्रक्रियाही आहे. जठराचा वरचा भाग नळीभोवती गुंडाळून दार घट्ट करण्याची ही पद्धत रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ साली प्रथम केली. आज ती दुर्बिणीने होते.

गोळीखेरीज जे करायचे ते घरचेच आहे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर. वजन जास्त असेल तर ते उतरवणे. धूम्रपान बंद. डाव्या कुशीवर झोपणे, कारण त्या स्थितीत जठर नळीच्या तोंडापेक्षा खाली राहते. पलंगाची डोक्याकडची बाजू पंधरा ते वीस सेंटिमीटर उचलणे. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. त्याने अंग कमरेत वाकते आणि पोटावर दाब उलट वाढतो. पथ्याचे म्हणाल तर सर्वांना लागू अशी यादी नाही. तळलेले आणि तुपकट पदार्थ, चहा-कॉफी, चॉकलेट, पुदिना, फार तिखट यांपैकी ज्याला जे बाधते ते त्याने टाळावे.

बाबांच्या मालकांनी त्यांना आठ वाजता दुकानातच डबा खायची मुभा दिली. वीस वर्षांत कोणी मागितली नव्हती, म्हणून दिली गेली नव्हती.

आपल्यासाठी

हा वडीलधाऱ्यांचा आजार आहे असे समजू नये. परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहात काय चालते? रात्री बाराला अंडा-पाव, एकला चहा, दीडला छातीवर पुस्तक ठेवून आडवे. छाती जळली की मित्राकडची गोळी. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मुरुमांसाठी वा तापासाठी दिलेली डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी किंवा वेदनाशामक गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच झोपल्यास ती नळीतच अडकून तेथे जखम करू शकते. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये.

आठवड्यातून दोनदा वा अधिक वेळा जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. घास अडकणे, गिळताना दुखणे, कारण नसता वजन उतरणे, उलटीतून रक्त, डांबरासारखी काळी शौचास, सततच्या उलट्या, अंगातले रक्त कमी होणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर एक दिवसही थांबू नये. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळही अंगावर काढू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. छातीत दाब, दुखणे हातात वा जबड्यात जाणे, घाम, धाप, असे काही झाले तर ते पित्त आहे की हृदय, हे घरी ठरवू नये. सोडा घेऊन बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे असे सिद्ध होत नाही. त्या रात्री आमचा अंदाज चुकला, हे आमचे भाग्य. अंदाज उलट बाजूने चुकला असता, तर हा लेख मी लिहिला नसता.

असो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या वहीत मी एक नोंद केली आहे: 'पलंगासाठी विटा, ४ नग.' सोड्याची नोंद त्यानंतर नाही. पण आता नोंद नाही म्हणून मी निर्धास्त होत नाही. जेवताना बाबांच्या ताटाकडे पाहतो, आणि भाकरी कुस्करलेली नाही ना, हे बघतो. आज घरी गेल्यावर आपणही एकदा आपल्या घरातल्या ताटांकडे पाहावे, एवढेच सांगणे.

— बी. कॉम., तृतीय वर्ष